४२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ, राखीगढीची बाई आणि बैलगाडीचं चाक

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एकदा बातमी येते की डीएनएमुळे आर्य बाहेरून आल्याचं सिद्ध झालं. मग दुसरी येते की राखीगढीच्या सांगाड्याने तेच खोटं पाडलं. भाषावाले ८००० वर्षं म्हणतात, भूगर्भवाले म्हणतात ४२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाने सिंधू संस्कृती बुडवली. यातलं कोणाचं खरं मानायचं? आणि या सगळ्यात आपल्या महाराष्ट्राचं काय?"

मी भूगर्भवाला. गुहेतले लवणस्तंभ आणि तळ्यातला गाळ यांची वयं काढण्यात तीस वर्षं गेली. जनुकं आणि भाषा ही माझी शेतं नव्हेत, पण बांधाला बांध लागून आहे, त्यामुळे शेजारच्या पिकावर नजर असते. माझ्या शेतातलं ठामपणे सांगतो, बाकीचं शेजाऱ्याच्या हक्काने.

कुठलीही तारीख कानावर आली की मी आधी एकच विचारतो: हे घड्याळ सुरू कधी झालं? कोळशाचं घड्याळ सुरू होतं ते झाडाच्या खोडात ते वलय तयार झालं तेव्हा, चूल पेटली तेव्हा नव्हे. जुन्या खोडाचा गाभा जाळला असेल तर चूल आणि तारीख यांत शंभर-दोनशे वर्षांचा फरक सहज पडतो. नदीच्या वाळूचं घड्याळ सुरू होतं ते कणाला शेवटचं ऊन लागून तो गाडला गेला तेव्हा. लवणस्तंभाचं सुरू होतं ते थेंबातला चुना दगड होऊन बसला तेव्हा. जनुकांचं, दोन वेगळ्या समूहांतल्या माणसांना मूल झालं तेव्हा. भाषेचं, दोन बोलींचे शब्द एकमेकांपासून सुटायला लागले तेव्हा. यातलं एकही घड्याळ "आर्य आले" किंवा "शहर ओस पडलं" या घटनेपासून सुरू होत नाही. एकाची तारीख उचलायची आणि दुसऱ्याच्या घटनेला चिकटवायची, इथेच निम्मी भांडणं लागतात.

आता माझ्या बांधाच्या आत येतो. जुलै २०१८ मध्ये जाहीर झालं की आपण जगतो आहोत त्या भूवैज्ञानिक काळाचं अधिकृत नाव 'मेघालयन'. शेवटच्या हिमयुगानंतरची सुमारे ११,७०० वर्षं, म्हणजे होलोसीन, तीन तुकड्यांत वाटली गेली: ग्रीनलँडियन, नॉर्थग्रिपियन आणि मेघालयन. तिसऱ्याची सुरुवात धरली सन २००० पासून मागे ४२५० वर्षांवर. (कार्बनवरून वय काढणारे 'आजपासून' म्हणतात तेव्हा त्यांचा 'आज' १९५० असतो, आमचा इथे २०००. वर्तमानपत्रात दोन्ही एकाच वाक्यात येतात.) ही हद्द ज्या वस्तूत ठोकली तिला आमच्या धंद्यात 'सुवर्ण खिळा' म्हणतात, आणि हा खिळा आहे सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळच्या माव्म्लूह गुहेतल्या एका लवणस्तंभात. दुष्काळाचा पुरावा शोधायला चेरापुंजीला जायचं, यावर माझी बायको अजून हसते.

दगडातून पाऊस वाचतात तो असा. लवणस्तंभ, शाळेच्या भूगोलातला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, उभा चिरायचा. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने चिरून घासला की आतले थर दिसतात, कापलेल्या खोडासारखे. मग दातांच्या डॉक्टरकडे असतो तसल्या बारीक ड्रिलने थराथरातून चिमूटभर पूड काढायची. त्या पुडीतला जड ऑक्सिजन आणि हलका ऑक्सिजन यांचं प्रमाण पाहायचं. मान्सून जोरात असला की जड ऑक्सिजन कमी भरतो, ओढ दिली की वाढतो. वय निघतं युरेनियम-थोरियमवरून. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ताज्या थरात युरेनियम असतं, थोरियम नसल्यात जमा. पुढे युरेनियम-२३४ क्षय पावत थोरियम-२३० तयार होत जातं. जितकं थोरियम, तितका थर जुना.

पण पुराच्या पाण्यासोबत गुहेत चिखल आला, तर चिखलातलं थोरियम आयतंच थरात बसतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका नमुन्यात वरचा थर खालच्यापेक्षा जुना निघाला होता, तोही चांगला हजारभर वर्षांनी. आठवडाभर मी यंत्राला शिव्या दिल्या. शेवटी भिंगाखाली धरलं तर त्या थरात तपकिरी रेघ होती, केसाएवढी. तेव्हापासून कोणी मला तारीख दाखवली की मी आधी दगडाचा फोटो मागतो.

माव्म्लूहच्या खिळ्यावरचा वाद याच जातीचा आहे. नेमक्या त्या टप्प्यावर त्या लवणस्तंभात थेट मोजलेल्या तारखा मोजक्याच होत्या, मधलं अंतर हिशेबाने भरलेलं होतं. २०१८ मध्येच त्याच गुहेतल्या दुसऱ्या लवणस्तंभांवरचं बारीक काम प्रसिद्ध झालं, आणि त्यात दोन-तीनशे वर्षांचा एक सलग दुष्काळ दिसेना. दिसले ते काही दशकांचे तुटक टप्पे. २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या धरमजाली गुहेतल्या लवणस्तंभावरचं काम आलं. तिथे ४२०० ते ३९७० वर्षांपूर्वीच्या काळात तीन लांब दुष्काळ दिसतात, २५ ते ९० वर्षांचे, आणि त्यांत उन्हाळी मान्सूनबरोबर हिवाळी पाऊसही आटलेला. माझ्या मते हे काम सगळ्यांत महत्त्वाचं. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याला खरीप गेलं तर रब्बीचा आधार असतो. दोन्ही गेली, आणि तीही आजोबा-नातू इतका काळ, तर धान्याची कोठारं भरणार कशाने?

तरीसुद्धा "४२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाने सिंधू संस्कृती बुडाली" हे वाक्य मी लिहिणार नाही. हद्द पडते इसवी सनपूर्व २२५० च्या सुमारास. शहरं विस्कटलेली दिसतात ती १९०० च्या आसपास, तीही एका झटक्यात नाहीत. मोठी शहरं लहान होतात आणि पूर्वेकडे खेडी वाढतात. म्हणजे मधलं अंतर तीन-साडेतीनशे वर्षांचं. हे किती होतं? शिवराज्याभिषेक १६७४ मध्ये झाला, आपला मोठा दुष्काळ पडला १९७२ मध्ये. ढोबळ घड्याळाने मोजून उद्या कोणी या दोन घटना एका परिच्छेदात बसवल्या, तर तुम्ही पुस्तक मिटून ठेवाल.

शिवाय कालखंडाचं नाव ही समितीत मतदानाने ठरणारी गोष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये 'अँथ्रोपोसीन'चा, म्हणजे मानवाच्या नावाच्या युगाचा, प्रस्ताव अशाच एका समितीने १२ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. म्हणून माणसाने पृथ्वी बदलली नाही असं होत नाही. तसंच मेघालयन मंजूर झालं म्हणून त्या वर्षी जगभर पाऊस थांबला असंही नाही.

घग्गर-हाकरा नदीचा वाद, म्हणजे 'सरस्वती'चा, थोडक्यात उरकतो, कारण त्यावर बोलायला लागलो की लोक भांडायला उठतात. २०१७ मध्ये वाळूच्या कणांची वयं काढून असं मांडलं गेलं की सतलजने तो मार्ग ८००० वर्षांपूर्वीच पुरता सोडला होता. म्हणजे कालीबंगनसारखी सिंधू संस्कृतीची गावं वसली ती सोडून दिलेल्या नदीच्या खोऱ्यात. २०१९ मध्ये मुंबईच्या आयआयटीतले संशोधक असलेल्या एका गटाने उलट मांडलं की ९००० ते ४५०० वर्षांपूर्वीच्या काळात तिला हिमालयाचं पाणी पुन्हा मिळत होतं. दोघांचीही मोजमापं मला प्रामाणिक वाटतात. वाद आहे तो गाळ कुठून आला आणि कशाने आला याच्या अर्थावर. बर्फाच्या पाण्यावर धो धो वाहणारी बारमाही नदी मला त्या काळात दिसत नाही, पावसाळ्यात भरणारी नदी दिसते. हे माझं मत आहे.

आता शेजारच्या शेतात. राखीगढी हे हरियाणातलं सिंधू संस्कृतीचं मोठं शहर. तिथलं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालं. तिथल्या ६१ नमुन्यांतून एकाच सांगाड्यातून कामापुरता डीएनए मिळाला, एका बाईचा. आपल्याकडची उष्णता आणि दमट माती डीएनएची वाट लावते. टिकला तर तो कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या दगडासारख्या कठीण हाडात. ती बाई जगली इसवी सनपूर्व २८०० ते २३०० या काळात कधीतरी, असा तिच्या दफनभूमीवरून अंदाज आहे. तिच्यात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या, म्हणजे 'स्टेप'मधल्या, पशुपालकांचा अंश नाही, आणि बाहेरून आलेले 'आर्य' म्हणून बोट दाखवतात ते यांच्याकडेच. सप्टेंबर २०१९ मध्ये हे 'सेल' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं आणि मथळे झळकले: आर्य सिद्धान्त मोडीत.

गंमत अशी की त्याच दिवशी 'सायन्स'मध्ये ५२३ प्राचीन माणसांच्या जनुकांचा दुसरा निबंध आला. शिंदे, वागीश नरसिंहन, नीरज राय, डेव्हिड राइक ही नावं दोन्ही निबंधांवर आहेत. दुसरा सांगतो की स्टेपचा अंश दक्षिण आशियात आला तो इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात. यात विसंगती कुठे आहे? बाई आधीची, लोक नंतरचे. पेशव्यांच्या दप्तरात मोबाइल नंबर सापडला नाही म्हणून देशात मोबाइल आलाच नाही, असं कोणी म्हणतं का?

पण उलट बाजूनेही उड्या मारू नका. स्टेपचा अंश आला तेव्हा शहरं आधीच विस्कटली होती, त्यामुळे घोड्यावरून आलेल्या टोळ्यांनी हडप्पा जाळलं ही जुनी कहाणी त्यातून निघत नाही. आणि राखीगढीची बाई एक, शहर केवढं! तिच्यातला इराणच्या बाजूचा जो पूर्वजांश आहे, तो शेती सुरू होण्याआधीच वेगळा झाला होता असं २०१९ च्या निबंधाने मांडलं. २०२५ मध्ये २७६२ भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचावर जे काम 'सेल'मध्ये आलं, ते या अंशाचं जवळचं नातं ताजिकिस्तानातल्या सराझ्म इथल्या प्राचीन शेतकऱ्यांशी जुळवतं. म्हणजे स्टेपचा प्रश्न बराच सुटला असला, तरी त्याआधीचा अजून खदखदतो आहे.

जनुकांवरून वर्षं कशी काढतात हे लोक नेहमी विचारतात. पत्त्यांचे दोन कॅट घ्या, एक लाल पाठीचा, एक निळ्या. एकावर एक ठेवून पिसा. पहिल्यांदा लाल-निळ्याचे मोठे गठ्ठे राहतात. दर वेळी पिसताना गठ्ठे बारीक होतात. गुणसूत्रांचे तुकडे दर पिढीला असेच पिसले जातात, त्यामुळे तुकड्यांच्या लांबीवरून किती पिढ्या गेल्या ते कळतं, आणि पिढीला अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं धरून साल निघतं. या रीतीने २०१३ मध्ये भारतातल्या बऱ्याच समूहांत मोठी सरमिसळ ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचं दाखवलं गेलं. हे घड्याळ मिसळण्याचं आहे, येण्याचं नव्हे. दोन समाज एका गावात चारशे वर्षं सोयरीक न करता राहू शकतात. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

भाषेच्या शेतात सध्या सगळ्यांत जास्त धूळ उडते आहे. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये १६१ इंडो-युरोपीय भाषांचा, म्हणजे मराठीपासून इंग्रजीपर्यंतच्या एका भाषाकुटुंबाचा, अभ्यास आला. त्यातून मूळ भाषेचं वय सुमारे ८१०० वर्षं निघालं, मूळ ठिकाण कॉकेशसच्या दक्षिणेला, आणि आपली भारतीय-इराणी शाखा सुमारे ७००० वर्षांपूर्वीच वेगळी झालेली. त्याआधी २०१५ मध्ये जवळपास तसल्याच गणिताने दुसऱ्या गटाला साडेसहा हजार वर्षं मिळाली होती. फरक कशाने? दुसऱ्या गटाने आधीच सांगून टाकलं होतं की लॅटिन ही फ्रेंच-इटालियनची आई धरा, वैदिक संस्कृत ही आपल्या भाषांची आई धरा. पहिल्या गटाने तसं बंधन घातलं नाही. दोघांनाही आधार आहे. 'इथे' या अर्थी वेदात 'इह' आहे आणि पालीत 'इध'. पालीतला 'ध' जास्त जुना, वेदात तो झिजून 'ह' झालेला. म्हणजे प्राकृतं ही वैदिकेची लेकरं कमी आणि मावशीची लेकरं जास्त. पण ती मावशी शेजारच्याच घरात राहत होती, हजार वर्षं लांब नव्हे.

मला ७००० चा आकडा पचत नाही, त्याचं कारण बैलगाडीच्या चाकात आहे. मराठी चाक, संस्कृत चक्र, ग्रीक कुक्लोस, इंग्रजी व्हील, सगळं एका मुळाचं. चाकाचा आस म्हणतो तो संस्कृतातला अक्ष, लॅटिनमधला आक्सिस. खरी चाकं उत्खननात दिसायला लागतात ती साडेपाच हजार वर्षांच्या आसपास. भाषा ७००० वर्षांपूर्वीच फुटल्या असतील, तर नंतर आलेल्या वस्तूला सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच मुळातून नाव दिलं? ८१०० वाले म्हणतात, 'फिरणारं' या जुन्या शब्दावरून वेगवेगळं सुचलं असेल. एखाद-दुसरा शब्द सुचेल, अख्खी गाडी सुचणार नाही. (जू मात्र पुराव्यात धरू नका. लॅटिन युगुम, इंग्रजी योक, नातं खरं आहे, पण जू नांगरालाही लागतं.)

दुसरा आधार तारीख असलेला आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे मातीच्या पाट्या सापडल्या. त्यात इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातल्या मितन्नी राज्याच्या राजाच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य हे साक्षीला आहेत, आणि किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाच्या मजकुरात घोड्याचे फेरे मोजलेत: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात. हे वाचायला मराठी माणसाला कोश लागत नाही. ही बोली वेदाच्या इतकी जवळ आहे की दोघी आणखी हजारो वर्षं आधी फुटल्या असं मानणं जड जातं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या कामानेही थोडी तडजोड घडवली: कॉकेशस आणि खालचा व्होल्गा यांच्या मधल्या लोकांचा अंश स्टेपच्या यामनाया लोकांत सुमारे चार-पंचमांश, आणि हित्ती ही जुनी इंडो-युरोपीय भाषा जिथे बोलत त्या अनातोलियातही (आजचा तुर्कस्तान) थोडा, किमान दशांश. म्हणजे अनातोलियाची शाखा लवकर सुटली, आपल्यासकट बाकीच्या स्टेपमधून. मला आज हाच नकाशा सगळ्यांत बरा वाटतो.

मात्र जनुकं बोलत नाहीत, आणि याचा पुरावा आपल्याच जिभेवर आहे. "आपण जाऊ" आणि "आम्ही जाऊ" यांत मराठी माणूस ऐकणाऱ्याला आत घेतो किंवा बाहेर ठेवतो. हा भेद तमिळ-तेलुगूत पक्का आहे, हिंदीत 'हम' म्हणून सगळं एकात जातं. "येतो म्हणून सांगितलं" यातलं 'म्हणून' कन्नडच्या 'एंदु'च्या चालीवर चालतं. मराठीचं घराणं इंडो-आर्य, पण तिला घडवणाऱ्या तोंडांत द्राविडी बोलणारी तोंडं पुष्कळ होती. त्या माणसांचा डीएनए तपासून हे कळलं नसतं, आणि शब्दांवरून त्यांचा डीएनए कळणार नाही.

राहिला महाराष्ट्र. आपल्याकडे बेसाल्ट, चुनखडीच्या गुहा जवळजवळ नाहीत, म्हणून लवणस्तंभही नाहीत. माझ्यासारख्याला मग लोणारला जावं लागतं. (त्या विवराचं स्वतःचं वय आधी ५२ हजार वर्षं मानत. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ते ५ लाख ७० हजार निघालं. अकरा पटींची दुरुस्ती.) तिथल्या गाळात गेल्युसाइट नावाचे स्फटिक मिळतात. तळं आटून पाणी फार खारं झालं तरच ते बनतात. त्यांवरून दोन लांबलचक कोरडे काळ वाचले गेले: ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिला काळ मेघालयच्या खिळ्याच्या चारशे वर्षं आधीच सुरू होतो.

आता हे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावशेजारी ठेवून पाहा. घोड नदीकाठचं हे गाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलं. वस्ती इसवी सनपूर्व १६०० ते ७००, म्हणजे लोणारचा पहिला कोरडा काळ सरल्यावर साडेतीनशे वर्षांनी सुरू झालेली. हे जुळतं. पण १००० च्या सुमारास तिथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, आणि त्याचं कारण हवा कोरडी पडली असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. ते साल म्हणजे आजपासून ३००० वर्षं. लोणारच्या दोन्ही कोरड्या काळांच्या बरोबर मधलं. म्हणजे हे जुळत नाही.